बंदोबस्त खोकडाचा की खुराड्याचा?

थंडी पडू लागली की जिल्हा-आवृत्त्यांच्या आतल्या पानांवर कोल्ह्याने कोंबड्या फस्त केल्याच्या वार्ता येऊ लागतात, आणि 'वनखात्याने बंदोबस्त करावा' ही मागणीही त्यांच्यामागोमाग येते. मागणीमागचे दुःख खरे आहे. अंड्यांच्या पैशावर जिने मुलांच्या वह्यापुस्तकांची तजवीज लावली, तिच्या अंड्यावर आलेल्या पाच तलंगा एका रात्रीत गेल्या तर ते नुकसान लहान नव्हे. २०१९च्या पशुगणनेत देशातील परसातल्या कोंबड्या ३१ कोटींवर गेल्या, म्हणजे मागील गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्क्यांनी वाढल्या. तेव्हा हा प्रश्न एकट्यादुकट्या अंगणाचा राहिलेला नाही.

परंतु शिक्षा फर्मावण्यापूर्वी पंचनामा नीट झाला पाहिजे. माळावरचे खोकड म्हणजे दोन-तीन किलो वजनाचे, राखी अंगाचे, शेपटीच्या टोकाशी काळे असलेले जनावर. वाळवी, टोळ, उंदीर आणि बोरे यांवर त्याचा मुख्य चरितार्थ. कोल्हा त्याहून कितीतरी जड आणि धीट. उसाच्या फडात दिवस काढून रात्री वस्तीपर्यंत येणारा. हे दोघेही सावज बहुधा तोंडात धरून दूर नेतात, मागे पिसांचा माग तेवढा उरतो. उलट फाडलेल्या कोंबड्या जागीच विखुरलेल्या असतील तर संशय प्रथम मोकाट कुत्र्यांवर घ्यावा, आणि अरुंद फटीतून शिरून कुणी मानेचा चावा घेतला असेल तर मुंगसावर.

कुत्र्यांचा हा संबंध मला विशेष महत्त्वाचा वाटतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर अबी तमीम वनक या संशोधकाने खोकडांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी खोकडांसाठी खाद्य मांडले, आणि जवळ कुत्रा असताना व नसताना ती कशी वागतात हे पाहिले. कुत्रा समोर असला की खोकड कमी खाई, अधिक सावध राही. ज्या प्राण्याला कुत्र्याच्या नुसत्या सान्निध्याने घास गोड लागत नाही, त्याला परसापासून दूर ठेवण्यास दारचा राखणीचा कुत्रा पुष्कळ उपयोगी पडेल, असे मला यावरून वाटते. मात्र तो बांधलेला, लस टोचलेला आणि कोंबड्यांना सरावलेला हवा. कारण गावभर मोकाट हिंडणारी कुत्री खोकडांना पळवून लावतात, डिस्टेंपरसारखे रोग माळावर नेतात आणि कोंबड्याही मारतात.

विषाच्या आमिषाचा विचार तर मनातही आणू नये. २०२२च्या दुरुस्तीनंतर खोकड व कोल्हा दोघेही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले असून त्यांची शिकार केल्यास किमान तीन वर्षांचा कारावास आणि किमान २५ हजारांचा दंड आहे. शिवाय विष पाहून कोणी खात नाही. ते घारीच्या, मांजराच्या, स्वतःच्या कुत्र्याच्याही पोटात जाते. आणि एक कोल्हा मारला तरी रिकाम्या झालेल्या मुलखात दुसरा येतोच.

खरा बंदोबस्त खुराड्याचा. बाजारात स्वस्त मिळणारी षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडी आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवीत नाही. अर्ध्या इंचाच्या छिद्रांची, सांधे जोडलेली जाडजूड जाळी घ्यावी आणि तिने छतही झाकावे. जाळीची खालची कड दीड फूट बाहेरच्या अंगाला वळवून जमिनीत वीतभर खोल दाबावी, वर दगड रचावेत. उकरणारे जनावर भिंतीला नाक लावून तिच्या पायथ्याशीच उकरते, नखांना तार लागली की त्याच जागी झटत राहते. चार पावले मागे सरून तेथून भुयार काढावे, हे त्याला बहुधा सुचत नाही. दाराला नुसता लाकडी अडसर पुरत नाही, लोखंडी कडी हवी. आणि ती दिवेलागणीपूर्वी लागली पाहिजे, कारण सर्वाधिक कोंबड्या जातात त्या जाळी फाटल्यामुळे नव्हे, तर दार लावावयाचे राहून गेल्यामुळे, अशी माझी खात्री आहे. उष्टेखरकटे आणि मेलेली पिल्ले उकिरड्यावर टाकू नयेत, खोल पुरावीत.

पशुसंवर्धन खाते २५ तलंगा व तीन नरांचे गट अर्ध्या अनुदानावर वाटते, ही योजना उत्तम आहे. पण तिच्या हिशेबात जाळीला पक्ष्यांइतकेच वजन मिळावे, आणि गट सुपूर्द करण्यापूर्वी खात्याच्या माणसाने लाभार्थ्याच्या खुराड्यापाशी जाऊन जाळीची कड व दाराची कडी स्वतः ओढून पाहावी.