मीटर थांबतो, वय थांबत नाही

दहा वर्षांची स्पोर्ट्स कार आणि मीटरवर अवघे ६,००० किलोमीटर, अशी गाडी जुन्या गाड्यांच्या बाजारात चढ्या भावाने विकली जाते. हिशेब केला तर ती महिन्याला सरासरी ५० किलोमीटर चालली, म्हणजे ओझरहून नाशिकला जेमतेम एक फेरी. बाकीचा काळ ती उभी होती. उभ्या गाडीचीही झीज होते, फक्त मीटर ती मोजत नाही.

ओझरच्या विमान कारखान्यात हे गृहीतच धरलेले असते. मिग-२१ साठी १९६४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या या विभागात पुढे सुखोई-३० ची बांधणी आणि ओव्हरहॉल सुरू झाले. सुखोईच्या पहिल्या ओव्हरहॉलची मर्यादा १,५०० उड्डाण-तास किंवा १४ वर्षे, यांपैकी जे आधी भरेल ते. विमान हँगरमध्ये राहिले म्हणून रबरी सील आणि होस तरुण राहत नाहीत. मोटारीच्या सर्व्हिस पुस्तिकेतही 'इतके किलोमीटर किंवा इतके महिने' असेच छापलेले असते. गिऱ्हाईक मात्र त्यातला पहिलाच आकडा वाचते.

सर्वाधिक नुकसान करतात त्या छोट्या फेऱ्या. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. इंजिन तापलेले असेल तर ते वाफ होऊन सायलेन्सरवाटे निघून जाते. थंड इंजिनात त्यातला थोडा भाग पिस्टनच्या रिंगांमधून खाली उतरतो आणि ऑइलमध्ये मिसळतो. गाडी गल्लीत फिरवून पुन्हा शेडमध्ये लावली, तर हे पाणी उडून जाण्याइतके ऑइल तापतच नाही. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली सायीसारखा पांढरट थर दिसला, तर पहिला संशय याच सवयीचा घ्यावा. इथेनॉलमिश्रित पेट्रोलही हवेतला ओलावा ओढते आणि महिनोन्‌महिने टाकीत पडून राहिले तर गंजाला निमंत्रण देते.

ब्रेक ऑइलचा स्वभावही तसाच. ताज्या डॉट-४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात ब्रेक तापले की अशा ऑइलची वाफ होते आणि पेडल खोल जाते. वेगासाठी घेतलेल्या गाडीत हा दोष क्षुल्लक म्हणता येत नाही. टायरचे वय त्याच्या कडेवरच्या चार आकड्यांत असते: २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर प्राणवायूने कडक होत जाते, आणि कडक टायर ओल्या रस्त्यावर पकड सोडतो.

एवढे झाल्यावर प्रश्न उरतो तो मीटरच्या खरेपणाचा. डिजिटल मीटरचा आकडा मागे घेता येतो, पण गाडीतल्या सगळ्याच खुणा मागे घेणे अवघड. पेडलचे झिजलेले रबर, सीटची चुरगळलेली कड आणि गुळगुळीत झालेले स्टीअरिंग ६,००० किलोमीटरला शोभत नाहीत. वर्कशॉपच्या जॉब कार्डवर दर वेळी किलोमीटर नोंदलेले असतात. ते तारखेनुसार लावून पाहावेत. मालकाने फास्टॅगचा तपशील दाखवला, तर पिंपळगाव बसवंतसारख्या टोलनाक्यांवरच्या नोंदींतून प्रवासाचा अंदाज येतो.

पोर्शच्या अनेक मॉडेलांत इंजिनाचा संगणक इंजिन चालू राहिल्याचे तासही नोंदवतो, अगदी विमानासारखे. किलोमीटरला तासांनी भागले की सरासरी वेग मिळतो. २०,००० किलोमीटर आणि ५०० तास म्हणजे ताशी ४०, हे पटण्यासारखे. त्याच तासांना ६,००० किलोमीटर असतील तर वेग येतो ताशी १२. अशी गाडी एक तर सतत कोंडीत अडकलेली असते, किंवा तिच्या मीटरला कोणाचा तरी हात लागलेला असतो.

म्हणून दरवर्षी चार-पाच हजार किलोमीटर नीट तापवून चालवलेली, ऑइल आणि टायर वेळेवर बदललेली गाडी बहुधा जास्त भरवशाची. कमी चाललेलीच हवी असेल, तर टायर, बॅटरी, होस, सगळी ऑइले आणि दातेरी पट्टा असल्यास तोही बदलण्याचा खर्च आधी काढून किमतीतून वजा करावा.