पाच गोट्यांचे पत्र

दुसऱ्याचे पत्र परस्पर गिळंकृत करण्याचा नीचपणा माझ्या हातून एकदाच घडला. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आजोळ भिगवणजवळ, उजनीच्या पाण्याच्या काठी. मामांच्या ओळखीच्या एका कोळ्याच्या जाळ्यात अडकून एक बदक मेले. त्याच्या पायात ॲल्युमिनियमचे कडे होते. वर इंग्रजी अक्षरे आणि एक आकडा. मामांनी ते मला खेळायला दिले आणि मी ते आळीतल्या बाळूला पाच गोट्यांना विकले!

ती अक्षरे काय सांगत होती हे मला पुढे वीस वर्षांनी एका व्याख्यानात कळले. ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा,’ एवढीच त्या कड्याची विनंती असते.

पाखरे हिवाळ्यात जातात कुठे, हे कोडे फार जुने. 1822 साली जर्मनीत क्लूट्स गावाजवळ एक करकोचा मारला गेला, तर त्याच्या मानेत आफ्रिकेतला भाला आरपार! तो भाल्यासह पेंढा भरून रॉस्टॉकच्या विद्यापीठात ठेवला आहे. पण दर पक्ष्याला भाला कोण मारणार? 1899 मध्ये डेन्मार्कच्या मॉर्टेन्सन मास्तरांनी (होय, आमच्याच पेशातला गृहस्थ!) साळुंकीच्या जातकुळीतल्या पाखरांच्या पायांत आकडा घातलेली कडी अडकवली, आणि शास्त्राला वाट सापडली.

आपल्याकडे हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झाले ते एका तापामुळे. 1957 साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या रानात माकडे मरू लागली, माणसे आजारी पडली. रोगाचे विषाणू रशियातल्या एका रोगाच्या भाऊबंदांपैकी. मग गोचिडी आणल्याचा संशय आला उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांवर! तो काही सिद्ध झाला नाही. पण त्यापायी 1959 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अलींच्या देखरेखीखाली हजारो पक्ष्यांना कडी चढली. भरतपूरला कडी घातलेली बदके पुढे सोव्हिएत मुलखात सापडली.

गेल्या माघात मी हे काम डोळ्यांनी पाहिले. पहाटे झाडांत तलम जाळी लावतात. अडकलेले पाखरू सोडवून कापडी पिशवीत ठेवायचे, पंख मोजायचा, वजन करायचे, पायाच्या जाडीप्रमाणे कडे निवडून पकडीने हलकेच मिटायचे, की सोडून द्यायचे. दहा ग्रॅमही न भरणारा वटवट्या माझ्या तळहातावर क्षणभर बसला. त्याचे काळीज बोटांना जाणवत होते. अशा शंभर पाखरांतल्या एकाचा तरी पुढे ठावठिकाणा लागेल, याचा भरवसा नसतो. हे ऐकले आणि मला त्या गोट्या आठवल्या.

दिवाळीला आजोळी गेलो, तेव्हा बाळूला गाठून कड्याचे विचारले.

“ते व्हय? शेरडाच्या गळ्यात बांधलं हुतं. शेरडू बाजारात गेलं, त्याबी गेलं.”

“आणि आकडा? आकडा काही आठवतो?”

बाळूने बराच वेळ डोके खाजवले.

“सात हुता बघ त्यात एक.”