हिशेब का राहून जातो? प्रौढ वयातील ए.डी.एच.डी. आणि आपला धंदा

धंद्यात माणूस मागे पडला की कारण शोधायला आपल्याला वेळ लागत नाही. भांडवल कमी पडले, उधारी बुडाली, शेजारी मोठे दुकान आले, नाहीतर मालकच आळशी निघाला, असे म्हणून आपण मोकळे होतो. यातले शेवटचे कारण मात्र जरा तपासून पाहण्यासारखे आहे. पहाटे मार्केट यार्डात हजर असणारा, गिऱ्हाइकाशी गोडीने बोलणारा, तोंडी हिशेबात पटाईत असणारा माणूस आळशी कसा म्हणायचा? तरीही याच माणसाची खरेदीची बिले पिशवीत तशीच पडून राहतात. खिशात पैसे असूनही विजेचे बिल मुदतीनंतर भरले जाते. एक काम अर्धे टाकून तो दुसरे हाती घेतो आणि संध्याकाळी दिवसभर काय केले हे त्याला स्वतःलाच सांगता येत नाही.

अशा काही जणांच्या बाबतीत मूळ कारण ए.डी.एच.डी. हे असू शकते. मराठीत त्याला अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार म्हणतात. हा फक्त शाळेतल्या खोडकर मुलांचा आजार, अशी समजूत आपल्याकडे आहे. ती बरोबर नाही. जगभरातील अभ्यासांनुसार शंभरांतील साधारण दोन ते तीन प्रौढांना हा विकार असतो. म्हणजे दोनशे गाळ्यांच्या बाजारपेठेत असे चार-पाच दुकानदार असायला हरकत नाही. त्यांपैकी बहुतेकांनी या विकाराचे नावही ऐकलेले नसते.

हा विकार नवा आहे काय?

नाव नवे आहे, विकार जुना आहे. अलेक्झांडर क्रिच्टन या स्कॉटिश वैद्याने १७९८ मध्ये लक्ष टिकवता न येणाऱ्या माणसांचे वर्णन लिहून ठेवले होते. १९०२ मध्ये लंडनच्या जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने यावर व्याख्याने दिली. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८७ मध्ये आजचे नाव रूढ केले आणि २०१३ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी निदानाचे निकष वेगळे स्पष्ट केले. हा विकार घराण्यात उतरतो. जुळ्या भावंडांवरील अभ्यासांत अनुवंशाचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या घरात आढळला आहे. आईवडिलांचे लाड किंवा मनाचा कमकुवतपणा हे त्याचे कारण नव्हे.

दुकानात तो कसा दिसतो?

लक्ष अजिबात लागत नाही, असे या माणसांचे नसते. आवडीच्या कामात ते तासन्‌तास बुडून जातात. अडचण अशी की लक्ष कोठे लावायचे आणि तेथून केव्हा काढायचे, याचा लगाम त्यांच्या हाती पुरेसा राहत नाही. नवे, निकडीचे किंवा मनाला ओढणारे काम झटपट होते. महत्त्वाचे पण कंटाळवाणे काम उद्यावर जाते.

दुसरी अडचण वेळेच्या अंदाजाची. दहा मिनिटांत होईल असे वाटलेल्या कामाला तास लागतो. पंधरा दिवसांनी येणारी मुदत त्यांना दिसतच नाही, ती अंगावर आली की जाणवते. तिसरी अडचण उतावळेपणाची. समोरच्याचे बोलणे मध्येच तोडणे, विचार न करता माल उचलणे, भावाला न विचारता भागीदारीला होकार देणे, हे त्यातून घडते. लहानपणीचा धावपळीचा स्वभाव मोठेपणी बहुधा आतल्या अस्वस्थतेत बदलतो. माणूस गल्ल्यावर बसलेला असतो, पण मन बसत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हे ओळखणे आणखी अवघड जाते. ज्या मुली दंगा न करता खिडकीबाहेर पाहत बसतात, त्यांच्याकडे शाळेत कोणी लक्ष देत नाही. पुढे त्याच घरबसल्या शिलाईचे किंवा मसाल्याचे काम करू लागल्या की ऑर्डरी वेळेवर जात नाहीत आणि ‘हिला घर आणि काम दोन्ही जमत नाही’ असा शिक्का बसतो.

विसरण्याची किंमत

व्यापाऱ्याला ही गोष्ट रुपयांत मोजावी लागते. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला जी.एस.टी.चे ३-बी विवरणपत्र पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावे लागते. चुकल्यास दिवसाला ५० रुपये, काहीच व्यवहार नसेल तर दिवसाला २० रुपये विलंब शुल्क लागते. त्याला वरची मर्यादा आहे, पण थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के दराने व्याज वेगळे. विक्रीचे विवरणपत्र राहिले तर समोरच्या व्यापाऱ्याला कराची वजावट मिळत नाही आणि तो पुढच्या वेळी माल दुसरीकडून घेतो. धनादेश ३ महिन्यांत बँकेत भरला नाही तर तो वाया जातो. दिलेल्या धनादेशापुरती शिल्लक खात्यात ठेवायचे विसरले तर प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ शकते.

याहून मोठे नुकसान मनाचे होते. वर्षानुवर्षे ‘बेफिकीर’, ‘बेजबाबदार’ हे शब्द ऐकून माणसाला तेच खरे वाटू लागते. दरवेळी तो कसम खातो, चार दिवस वही नीट लिहितो आणि पाचव्या दिवशी पुन्हा घसरतो. काय करायचे हे त्याला माहीत असते. माहीत असलेले वेळेवर हातून होत नाही, हे त्याचे दुखणे असते. म्हणूनच नुसता उपदेश येथे कामाचा नाही.

उदाहरणे आणि सावधगिरी

जेटब्ल्यू विमान कंपनीचे संस्थापक डेव्हिड नीलमन यांनी आपल्याला हा विकार असल्याचे उघडपणे सांगितले आहे. वीस विमानांचा ताफा आखणे मला विजेचे बिल भरण्यापेक्षा सोपे जाते, अशा अर्थाचे ते बोलले आहेत. पॉल ऑर्फली यांनी १९७० मध्ये कॅलिफोर्नियात एका विद्यापीठाजवळच्या छोट्या जागेत झेरॉक्सचे दुकान काढले. त्याची पुढे किंकोज ही मोठी साखळी झाली आणि २००४ मध्ये फेडेक्सने ती विकत घेतली. त्यांनाही हा विकार आहे.

परंतु यावरून विकार म्हणजे वरदान, असा अर्थ कोणी काढू नये. कंपनी एवढी मोठी झाली की बारीकसारीक कामे वेळेवर करणारी माणसे मालकाभोवती असतात. आपल्या एकट्याच्या दुकानात ती सोय मुद्दाम करून घ्यावी लागते.

काय करता येईल?

स्मरणशक्तीवर भिस्त ठेवणे सोडावे आणि गोष्ट डोळ्यांसमोर आणावी. उधारीची वही ड्रॉवरमध्ये न ठेवता गल्ल्याशेजारी उघडी ठेवावी. महिन्याच्या मुदती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहाव्यात आणि मोबाइलचा गजर मुदतीच्या दिवशी नव्हे, पाच दिवस आधी लावावा.

नवी सवय जुन्या, पक्क्या सवयीला बांधावी. जे जोहरच्या नमाजसाठी रोज दुकान थोडा वेळ बंद करतात, त्यांनी परत आल्यावर पहिली दहा मिनिटे बिले लावण्यासाठी ठेवावीत. ‘संध्याकाळी करू’ यापेक्षा ‘अमुक झाल्यावर लगेच’ हे जास्त टिकते.

कंटाळवाणे काम एकट्याने करू नये. मुलगा, भाऊ किंवा मुनीम शेजारी नुसता बसला तरी काम पुढे सरकते. विवरणपत्राचे काम कर सल्लागाराकडे द्यावे. त्याची फी दंडापेक्षा बहुधा स्वस्तच पडते. मोठ्या खरेदीला किंवा भागीदारीला होकार देण्याआधी एक रात्र जाऊ द्यावी, हा नियम घरच्यांना सांगून ठेवावा, म्हणजे तेही आठवण करतील.

निदान आणि औषध

वरील लक्षणे वाचून प्रत्येकाला ‘हा तर मीच’ असे वाटेल. पण अपुरी झोप, थायरॉइडचा आजार, चिंता, नैराश्य यांतही असेच होते. ए.डी.एच.डी.ची लक्षणे वयाच्या बारा वर्षांआधीपासून असावी लागतात, घर आणि धंदा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यांमुळे जगण्यात खरी अडचण यावी लागते. यासाठी रक्ताची तपासणी किंवा स्कॅन नाही. मानसोपचारतज्ज्ञ सविस्तर विचारपूस करतात. शाळेची जुनी प्रगतिपुस्तके आणि आई किंवा थोरली भावंडे सोबत असतील तर मदत होते.

उपचारांत समुपदेशन आहे आणि औषधेही आहेत. मिथाइलफेनिडेट हे औषध आपल्याकडे अनुसूची एक्समध्ये येते. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत औषध विक्रेत्याला २ वर्षे जपून ठेवावी लागते. ॲटोमॉक्सेटिन हे दुसऱ्या प्रकारचे औषधही मिळते. ओळखीच्या दुकानातून, कोणाच्या सांगण्यावरून गोळी घेऊ नये. रमजानमध्ये रोजे ठेवणाऱ्यांनी गोळीची वेळ मनाने बदलू नये. ती महिना सुरू होण्याआधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. जवळ तज्ज्ञ नसेल तर २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांनी मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखेच धरावे, असे बंधन घातले आहे. पॉलिसी घेताना ते विचारून घ्यावे.

विकार आहे म्हणून देणेकऱ्याचे पैसे किंवा नोकराचा पगार थकवण्याची मुभा कोणालाही मिळत नाही. जबाबदारी आपलीच राहते. मात्र कारण कळले की ती पार पाडण्याचा मार्ग सापडतो. घरातल्यांनीही एवढे करावे: मुलगा वही लिहीत नाही म्हणून त्याला चारचौघांत बोलण्याआधी, एक दिवस त्याच्याशेजारी बसून ती वही त्याच्याबरोबर लिहावी.