दिवा मिणमिणतो तेव्हा

मुले अभ्यासाला बसावीत आणि नेमका तेव्हाच दिवा मिणमिणू लागावा, पंखा रेंगाळावा. "व्होल्टेज पडलं," एवढे म्हणून आपण गप्प बसतो. पण ते का पडते आणि त्यावर नजर कोण ठेवतो, हे आपल्या घरातील प्रत्येक मुलामुलीला ठाऊक असले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

नळाला पाणी यायला दाब लागतो, तसा तारेतून वीज यायलाही लागतो. तोच व्होल्टेज. आपल्या घरात तो २३० च्या आसपास हवा. पंखे, पंप, फ्रिज यांच्या मोटारींना चुंबकत्वासाठी 'रिॲक्टिव्ह पॉवर' लागते. ती लांबून आणणे अवघड, म्हणून जवळच कपॅसिटर बसवून पुरवतात. ती तोकडी पडली की दाब घसरतो.

२३ जुलै १९८७ रोजी टोकियोत हेच घडले. कडक उन्हाळा. जेवणाची सुटी संपली आणि मागणी मिनिटाला सुमारे ४०० मेगावॅटने वाढू लागली. हाताशी असलेले कपॅसिटर जोडले, तरी दाब घसरतच गेला. दाब पडल्यावर वातानुकूलन यंत्रे जास्तच प्रवाह ओढू लागली आणि दाब आणखी पडला. सुमारे २८ लाख ग्राहकांची वीज गेली.

कपॅसिटरचा टेकू असतो तोवर दाबाचा आकडा ठीक दिसतो. शिल्लक संपत आली, हे तो सांगत नाही. म्हणून नियंत्रण कक्षाला आकड्याबरोबर शिल्लकही पाहावी लागते.

१९८८ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक येथे अरुण फडके आणि जेम्स थॉर्प यांनी यासाठी उपयोगी यंत्र घडवले. उपग्रहाच्या घड्याळाशी वेळ जुळवून ते दूरदूरच्या ठिकाणांचा दाब एकाच क्षणी, सेकंदाला अनेकदा मोजते. अशी यंत्रे भारताच्या ग्रिडमध्येही आहेत. दाब वाढणेही घातकच. २८ एप्रिल २०२५ रोजी तो वाढत गेल्याने स्पेन आणि पोर्तुगालची वीज गेली.

वेळीच इशारा मिळाला, तर थोड्या भागाची वीज बंद करून बाकीचे जाळे वाचवता येते. पण आधी कोणाचा दिवा विझवायचा, हे यंत्र नव्हे, माणसे ठरवतात. तो कामगार वस्तीचाच असेल, तर का, हे आपण विचारले पाहिजे. त्यासाठी आधी विषय समजला पाहिजे. आणि त्या नियंत्रण कक्षातील खुर्चीवर उद्या आपली लेक बसली पाहिजे.