नौका-अभिकल्पातील वजन व खर्च
नौका बांधण्यापूर्वी तिच्या प्रत्येक भागाचे वजन, स्थान व खर्च यांची केलेली पद्धतशीर नोंद. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेऊन तेथे जहाजबांधणी सुरू केली. त्या काळी हा अंदाज कारागिराच्या अनुभवावर अवलंबून असे. आता संगणकातील त्रिमितीय आराखड्यावरून पत्र्याचे क्षेत्रफळ मिळते. त्यास जाडी व घनता यांनी गुणल्यास वजन आणि वजनास दराने गुणल्यास मालाची किंमत येते. उदा., १० चौ. मी. क्षेत्रफळाचा, ५ मिमी. जाडीचा पोलादी पत्रा सु. ३९३ किग्रॅ., तर ॲल्युमिनियमाचा सु. १३५ किग्रॅ. भरतो. प्रत्येक भागाचे वजन व तळापासूनची उंची यांच्या गुणाकारांच्या बेरजेस एकूण वजनाने भागल्यास गुरुत्वमध्याची उंची मिळते. तो फार वर गेल्यास नौका कलंडते. स्वीडनची ‘वासा’ ही युद्धनौका याच दोषामुळे १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडाली. म्हणून आराखड्यातील प्रत्येक फेरफाराबरोबर ही नोंद सुधारावी लागते.