अळ्या मोल्टवर बसल्या की काय करायचं, आणि काय अजिबात करायचं नाही

परवा पोरानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. काचेच्या पेटीत पाळलेला केसाळ कोळी, टॅरंटुला म्हणतात त्याला, पाठीवर उताणा पडलेला. पोरगं म्हणालं, "पप्पा, मेला वाटतं." मी म्हटलं, "थांब जरा, कात टाकतोय तो." थोड्या वेळानं जुनी कातडी बाजूला राहिली आणि आतून नवाकोरा कोळी बाहेर आला. पाळणाऱ्यानं तोवर त्याला हात लावला नव्हता. खायला सोडलेला किडाही पेटीतून काढून घेतला होता. कात टाकताना कोळी मऊ आणि लाचार असतो, मग खायला टाकलेला किडाच त्याला चावून मारू शकतो.

असले कोळी आपल्या सह्याद्रीच्या जंगलातही आहेत. दिसले तर पकडू नका, पाळायला घरी आणू नका, त्यांना त्यांच्या जागी राहू द्या. पण कात टाकणारं एक जनावर आपल्या जिल्ह्यातले शेतकरी शेडमध्ये हजारोंनी पाळतात, ते म्हणजे रेशीम अळी. द्राक्ष आणि कांद्यात हात पोळल्यावर काही जण तुतीकडे वळलेत. त्यांच्यासाठी ही माहिती.

माझी चूक आधी सांगतो

माझी दुसरीच बॅच होती, १०० अंडीपुंजांची. म्हणजे साधारण ४० ते ५० हजार अळ्या. तिसरा मोल्ट आला. सकाळी बघतो तर निम्म्या अळ्या उठलेल्या, माना वर करून हिंडताहेत. मला वाटलं उपाशी मरतील. दया आली आणि पाला टाकला. ज्या उठल्या होत्या त्यांनी खाल्लं. ज्या अजून बसलेल्या होत्या त्या पाल्याखाली दबल्या.

त्या दिवसापासून बॅचची दोन भागांत फाटाफूट झाली. निम्म्या मोठ्या, निम्म्या बारक्या. चौथा मोल्ट दोन-तीन दिवस लांबला. शेवटी एका बाजूला अळ्या कोष करायला लागल्या आणि दुसऱ्या बाजूला पाला मागत होत्या. कोष बारीक निघाले, भाव पडून मिळाला. अळ्यांचा दोष नव्हता, औषधाचाही नव्हता. दोष माझ्या घाईचा होता.

कात का टाकतात?

अंड्यातून निघालेली अळी मुंगीएवढी असते. २५ दिवसांच्या आसपास ती कोष करते, तोवर तिचं वजन जवळपास १० हजार पट झालेलं असतं. कातडी मात्र तेवढी ताणत नाही. म्हणून ती ४ वेळा कात टाकते आणि ५ अवस्थांतून जाते.

आपल्यापैकी बहुतेकांना चॉकी सेंटरवरून दुसरा मोल्ट पास झालेल्या अळ्या मिळतात. त्यामुळे आपल्या शेडमध्ये दोनच मोल्ट होतात, तिसरा आणि चौथा. तिसऱ्या अवस्थेत अळी साडेतीन-चार दिवस खाते, मग साधारण एक दिवस मोल्टवर बसते. चौथ्या अवस्थेत चार-पाच दिवस खाते आणि तो मोल्ट एक ते दीड दिवस चालतो. थंडीत याहून जास्त वेळ लागतो.

वरून ती झोपल्यासारखी दिसते, पण आत मोठं काम चालू असतं. जुन्या कातडीखाली नवी कातडी तयार होते. श्वासनळ्यांचं अस्तरसुद्धा बदलतं. अळी आधी थोडा रेशीमधागा काढून पाय खाली चिकटवून घेते. मग तोंडावरचं जुनं टोपण गळतं, कातडी फाटते आणि अळी पुढं सरकून बाहेर पडते. कातडी मागं अडकून राहते. या वेळी तुम्ही बेड हलवला, फांदी ओढली, तर तो अडकवलेला धागा तुटतो. मग कातडी सुटत नाही, शेपटीकडं अडकते आणि ती अळी गेलीच समजा.

मोल्ट जवळ आला हे कसं ओळखायचं?

पाला कमी खातात, शिल्लक राहायला लागतो. अंग चकचकीत, ताणल्यासारखं दिसतं. अंगाच्या मानानं डोकं बारीक आणि काळपट वाटतं. शेवटी अळी पुढचं अंग वर उचलून एका जागी गप्प बसते.

ही लक्षणं दिसली की पाला कमी करा. कोवळा, बारीक पाला पातळ पसरून द्या. जाड फांद्यांचा ढीग टाकला तर अळ्या खाली दबतात आणि बेड ओला राहतो. गर्दी असेल तर मोल्टच्या आधीच जागा वाढवून द्या. एकदा बसल्या की हलवाहलव नाही.

मोल्टवर बसल्यावर

१०० पैकी ९५ अळ्या बसल्या की पाला पूर्ण बंद. त्यानंतर विरलेल्या चुन्याची कोरडी, चाळलेली भुकटी फडक्यात बांधून बेडवर हलकी धुरळायची. चुन्याची दोन कामं आहेत. बेडची ओल शोषली जाते, आणि उरलेला पाला लवकर सुकतो. पाला सुकला म्हणजे लवकर उठलेली अळी खाऊ शकत नाही, बाकीच्यांसाठी थांबते. सगळी बॅच एका रांगेत ठेवायची युक्ती हीच.

मोल्टमध्ये शेड कोरडं आणि हवेशीर पाहिजे. ओलावा ७० टक्क्यांच्या वर नको. पण हवा हळू खेळती पाहिजे, सुसाट वारा नको आणि अंगावर ऊनही नको. रॅकच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या असतील तर त्या भरलेल्या आहेत का बघा. मोल्टवरची अळी मुंगीपासून पळू शकत नाही. पाल, उंदीर, चिमणीचंही तेच.

कधी उठवायचं?

पहिली अळी उठली म्हणून पाला टाकायचा नाही. नुकती उठलेली अळी बघा: डोकं मोठं आणि फिकट, अंग सुरकुतलेलं. तोंड अजून कच्चं असतं, घट्ट व्हायला वेळ लागतो. काही तास उपाशी राहिली म्हणून ती मरत नाही.

९५ टक्क्यांहून जास्त उठल्या की विजेतासारखी निर्जंतुक पावडर पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात धुरळा. अर्धा तास जाऊ द्या आणि मग पहिला पाला द्या. ताजा आणि कोवळा. विजेता मोल्टवर बसलेल्या अळ्यांवर टाकायची नाही, आणि अळ्या खात असतानाही नाही.

मागं राहिलेल्या पाच टक्क्यांचं काय? नंतर उठल्या तर वेगळ्या काढा. पण एक लक्षात ठेवा. सगळ्या बसल्या असताना जी अळी बसत नाही, फुगलेली दिसते आणि कडेकडेनं फिरते, ती बहुतेक ग्रासरीची असते. तिचं अंग फुटलं की दुधासारखं पाणी निघतं आणि रोग पसरतो. हातानं चिरडू नका. चिमट्यानं उचलून ब्लिचिंग पावडर आणि चुन्याच्या पाण्यात टाका, नंतर शेडपासून लांब पुरा.

आपल्या जिल्ह्याचं हवामान

निफाडची थंडी सगळ्यांना माहीत आहे. थंडीत मोल्ट लांबतो आणि मागंपुढं होतो. रात्री शेडचे पडदे लावा, उष्णता २५ अंशांच्या आसपास टिकवा. शेगडी पेटवली तर हवा जायला जागा ठेवा, आणि बंद शेडमध्ये शेगडी ठेवून कुणीही आत झोपू नका. तो धूर माणूसही मारतो.

इगतपुरीकडं पावसाळ्यात उलटं. तिथं खरा शत्रू ओल, म्हणून चुना हाताशी पाहिजे. येवला, नांदगावच्या उन्हाळ्यात हवा फारच कोरडी पडते आणि कातडी सुटायला त्रास होतो. तिथं ओली पोती बाहेरच्या बाजूला लावा, बेडवर पाणी मारू नका.

आणि आपल्याकडचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे शेजारची फवारणी. मोल्ट पास झालेली अळी भुकेली असते आणि पहिल्याच पाल्यावर तुटून पडते. त्यात द्राक्षावरचं किंवा टोमॅटोवरचं औषध उडून आलं असेल तर एका दिवसात शेड रिकामं. शेजाऱ्याला आधीच सांगा, "दादा, फवारणीच्या आदल्या दिवशी एक फोन करा." बांधाकडच्या दोन-चार ओळींचा पाला अळ्यांना घालूच नका.

जगाला ठाऊक झालेली गोष्ट

कात टाकायचा हुकूम शरीरातलं एक संप्रेरक देतं. जर्मनीतल्या बुटेनांट आणि कार्लसन या शास्त्रज्ञांनी १९५४ साली ते पहिल्यांदा वेगळं काढलं. त्यासाठी त्यांना रेशीम कीटकाचे ५०० किलो कोष-किडे लागले आणि हाती आलं अवघं २५ मिलिग्रॅम. त्याच जातीचं संप्रेरक त्या व्हिडिओतल्या कोळ्यातही काम करतं. म्हणून दोघांचा नियम एकच: हात लावू नका, खायला घालू नका, वाट बघा.

चौथा मोल्ट पास झाला की पुढं सात-आठ दिवसांची पाचवी अवस्था. एकूण पाल्यातला ८० टक्क्यांहून जास्त पाला अळी तेव्हाच खाते आणि कोषाचं वजनही तेव्हाच ठरतं. त्या वेळी बॅच सारखी असली तर पाला, मजूर, चंद्रिका सगळं एका वेळी लागतं आणि कोष एकाच दिवशी काढता येतात.

अडचण आली तर नाशिकच्या जिल्हा रेशीम कार्यालयात विचारा. मी आता मोल्टच्या दिवशी शेडला बाहेरून कडी लावतो आणि कांद्याला पाणी भरायला जातो. बॅच सुधारली ती तेव्हापासून.