लाकूड, जस्त, प्लास्टिक : छोट्या लढाऊ विमानांचे आयुष्य

लढाऊ विमानांच्या प्रतिकृती जमवणाऱ्याला लोक पहिला प्रश्न विचारतात तो 'हे कुठले विमान?' हा. दुसरा किमतीचा. 'हे कशाचे केले आहे?' असे सहसा कुणी विचारत नाही. माझे कुतूहल मात्र गेली काही वर्षे या तिसऱ्या प्रश्नाभोवतीच फिरते आहे. संग्रहातले विमान किती टिकणार हे त्याच्या नावावर ठरत नाही. ते ज्या द्रव्याचे घडले आहे त्यावर ठरते.

आधी मापाविषयी. या छंदातले सर्वांत रुळलेले प्रमाण १:७२, म्हणजे सहा फुटांना एक इंच. १९३०च्या दशकात ब्रिटनमध्ये 'स्कायबर्ड्‌स' या लाकडी संचांनी ते लोकप्रिय केले. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, या प्रमाणात तो दहा सेंटिमीटरही भरत नाही. विमान तळहातावर मावते. अडचण जाडीची आहे. खऱ्या विमानाचा दीड मिलिमीटरचा पत्रा ७२ ने भागला तर ०.०२ मिलिमीटर उरतो, माणसाच्या केसापेक्षाही बारीक. साच्यातून इतका पातळ भाग निघत नाही. एक मिलिमीटर जाडीचे प्लास्टिक म्हणजे या जगात सात सेंटिमीटरचा पत्रा! म्हणून प्रत्येक प्रतिकृती ही एक तडजोड असते, आणि ती तडजोड किती करायची हे द्रव्य ठरवते.

या वस्तूंचा इतिहास केवळ खेळण्यांचा नाही. १९४२च्या सुरुवातीला अमेरिकेच्या नौदलाने शाळाशाळांतल्या मुलांकडून विमानांच्या पाच लाख लाकडी प्रतिकृती मागवल्या. त्या १:७२ मापात कोरायच्या आणि काळ्या रंगवायच्या. कारण सरळ होते. आकाशात दिसणारे विमान शत्रूचे की आपले, हे तोफेवरच्या माणसाला क्षणात ओळखता यायला हवे. दूरवर रंग दिसत नाही, दिसते ती फक्त आकृती. पस्तीस फुटांवर धरलेली १:७२ची प्रतिकृती डोळ्याला अर्ध्या मैलावरच्या विमानाएवढी दिसते. शाळकरी पोराने पंखाचा कोन चुकवला तर आपलाच वैमानिक आपल्याच गोळीला बळी पडण्याची शक्यता होती. मापाच्या काटेकोरपणाला एवढे वजन क्वचितच कुठे आले असेल.

पुढे हे काम शिकागोच्या क्रूव्हर कंपनीने सेल्युलोज अ‍ॅसिटेट या प्लास्टिकमध्ये साच्यातून केले. हे द्रव्य ब्रिटनमध्ये आधीच वापरात होते. 'फ्रॉग पेंग्विन' या १९३६च्या पहिल्या पूर्ण प्लास्टिक संचांचे भाग त्याचेच होते. कापसाच्या किंवा लाकडाच्या तंतूंपासून ते बनते. काही दशकांनी त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटू लागते, म्हणजे व्हिनेगरचा आंबट वास. चित्रपटांच्या जुन्या रिळांना लागणारा रोग हाच. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्था त्याच्याशीच झगडत असतात. सुटलेले आम्ल ऱ्हासाचा वेग आणखी वाढवते. प्रतिकृती आकसते, पंख पिळवटतात. ज्या वस्तूचे सारे मोल अचूक आकारात होते, तिचा आकारच आधी जातो.

जस्ताची कथा वेगळी. लिव्हरपूलच्या मेकानो कंपनीने १९३४ पासून 'डिंकी' मालिकेत धातूची ओतीव विमाने काढली. धातू म्हणजे मुख्यतः जस्त, त्यात थोडे अ‍ॅल्युमिनियम आणि इतर धातू. जस्त शुद्ध असेल तर हा मिश्रधातू उत्तम टिकतो. पण त्यात शिसे मिसळले, अगदी लाखात पाच-दहा भाग जरी, तर धातूच्या सूक्ष्म कणांच्या सीमारेषांवर गंज आतल्या आत पसरतो. इंग्रजीत याला 'झिंक पेस्ट' म्हणतात. पेस्ट म्हणजे कीड, पण प्रत्यक्षात कीड कसलीच नसते आणि एकाचा रोग शेजारच्याला लागतही नाही. दोष ओतण्याच्या दिवशीच आत शिरलेला असतो. उष्णता आणि दमट हवा त्याला बळ देतात. आधी रंगाखाली बारीक भेगा येतात, मग पंख फुगतात, शेवटी तुकडे पडतात. यावर उपाय नाही; थंड, कोरड्या जागी ठेवून तो दिवस लांबवता येतो इतकेच. आपल्याकडे 'जड ते अस्सल' ही समजूत पक्की आहे. युद्धपूर्व ओतीव विमानांनी ती खोटी ठरवली आहे.

याउलट, स्वस्त म्हणून ज्याला नाक मुरडले जाते ते पॉलिस्टायरीन. 'एअरफिक्स'चे १९५३चे स्पिटफायर याच प्लास्टिकचे. त्याचा गोंद खरे तर गोंद नसतोच. तो द्रावक असतो. दोन्ही कडा विरघळवून तो उडून जातो आणि सांधा एकजीव होतो. उन्हापासून जपले तर पॉलिस्टायरीन आकार सोडत नाही. सत्तर वर्षांपूर्वीचे भाग आजही एकमेकांत नीट बसतात. उन्हात मात्र ते पिवळे आणि ठिसूळ होते.

खरी गुंतागुंत कपाटात सुरू होते, कारण तिथे ही द्रव्ये एकमेकांच्या सहवासात येतात. मऊ व्हिनाइलच्या टायरमधला मऊपणा आणणारा घटक हळूहळू बाहेर पडतो आणि पॉलिस्टायरीनचे चाक विरघळवतो. अ‍ॅसिटेटमधून, तसेच नव्या प्लायवूडमधून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफा शिसे असलेल्या भागांवर पांढरी भुकटी चढवतात. आपल्या घरांत हमखास सापडणाऱ्या डांबरगोळ्या लाकडी विमानाला कसरीपासून वाचवतील, पण त्यांची वाफ पॉलिस्टायरीन मऊ करते. म्हणून मी अ‍ॅसिटेटला खेळत्या हवेत आणि इतरांपासून दूर ठेवतो, शिशाला काच आणि धातूच्या कपाटात, आणि प्लास्टिकच्या आसपास डांबरगोळी फिरकू देत नाही.

हे सारे आता आपल्याकडे महत्त्वाचे झाले आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ भारतीय हवाई दलातून निवृत्त झाले. नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात ही विमाने वर्षानुवर्षे बांधली गेली. कित्येक मराठी घरांत त्यांवर उपजीविका झाली, आणि याच विमानाच्या अपघातांत अनेक तरुण वैमानिक गेले. खरी विमाने थोड्या चौकांत आणि संग्रहालयांत उरतील. घरांत उरतील त्या प्रतिकृती : निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेल्या, मुलांनी चिकटवलेल्या, फळीवर धूळ खात असलेल्या. पुढच्या पिढीने त्या हातात घ्याव्यात असे वाटत असेल, तर विमानाच्या नावाखाली आणखी दोन गोष्टी लिहून ठेवायला हव्यात : ते कशाचे आहे आणि कोणत्या साली घडले. माझ्या नोंदवहीत मी हे दोन रकाने आता सर्वांत आधी भरतो.